गोधडीसाठी जुनं शिलाई मशीन घेताना: नाशिककर वारंवार विचारतात ते प्रश्न

जुन्या नाशकातला एखादा वाडा पाडायला काढला की माळ्यावरून तांब्याचा बंब उतरतो, पाटा-वरवंटा उतरतो आणि बहुतेक वेळा एक काळं शिलाई मशीनही उतरतं. "गोधडी शिवायला बरं पडेल" म्हणत कुणीतरी ते घरी नेतं आणि मग विचारणा सुरू होते. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. इथं मशीन म्हणजे सरळ टाक्याचं, ओतीव लोखंडाचं, हातानं किंवा पायानं चालणारं मशीन. दिवाणखान्यात फुलदाणीखाली ठेवायला हवं असेल तर यातलं निम्मं वाचायची गरज नाही.

गोधडीला जुनंच मशीन कशाला? नव्या इलेक्ट्रिक मशीनवर होत नाही का?

होते. बाळाचं दुपटं, दोन-तीन थरांची पातळ गोधडी नव्या मशीनवर छान होते. अडतं ते थर वाढले की.

नव्या घरगुती मशीनमध्ये सुई डावी-उजवीकडे हलून झिगझॅग मारते, त्यामुळे सुईखालच्या पत्र्याला आडवी, रुंद फट ठेवलेली असते. मऊ झालेलं जुनं लुगडं सुईबरोबर त्या फटीत ओढलं जातं आणि शिवणीच्या सुरुवातीलाच दोऱ्याचा गुंता होतो. जुन्या मशीनला एकच काम येतं, सरळ टाका. त्याच्या पत्र्याला सुईपुरतं गोल भोक असतं, त्यामुळे कापडाला भोकाच्या कडेपर्यंत आधार मिळतो आणि टाका एका रेषेत पडतो.

दुसरं कारण चाकाचं वजन. चाक एकदा फिरलं की त्या जोरावर सुई पाच-सहा थरांतून पार होते. शिवाय नको तिथं थांबता येतं: चाकावर हात ठेवा, सुई कापडात रुतलेली ठेवा, कोपरा वळवा, पुढं चला. चौकटीची गोधडी करणाऱ्याला याची किंमत कळते.

काजं, पिको, लवचिक कापड यातलं काहीही जुन्या मशीनकडून मागू नका. त्यासाठी घरात दुसरं मशीन असलं तर उत्तमच.

कोणतं मॉडेल घ्यावं?

सुटे भाग नाशकातल्या मेन रोडवर मिळतात ते घ्यावं. बाकी चर्चा त्यानंतर.

आपल्याकडे घरोघरी दिसणारं काळं मशीन बहुतेक एकाच घडणीचं असतं. मूळ आराखडा सिंगरच्या 15 क्लासचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी तीच घडण उचलली, आणि आपल्याकडची उषा, मेरिट, रीटा ही सरळ टाक्याची घरगुती मशीनंही त्याच कुळातली. उषाची सुरुवात 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये झाली. पुढं लुधियाना हे या धंद्याचं मोठं ठाणं झालं. या सगळ्यांना बॉबीन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ), बॉबीन केस (त्या रिळाची डबी), सुई, कापड दाबून धरणारा पाय बहुधा एकमेकांचे चालतात. गोधडीवाल्यांना माझं पहिलं उत्तर म्हणूनच नेहमी एकच असतं: चांगल्या अवस्थेतलं 15 क्लास सिंगर किंवा जुनी उषा.

सिंगर 66 मध्ये बॉबीन वरून, पाटावरची (मशीनच्या सपाट लोखंडी बैठकीवरची) पट्टी सरकवून आडवं टाकतात. 15 पेक्षा त्याच्या कमानीखाली इंच-सव्वा इंच जागा जास्त मिळते. गुंडाळलेली गोधडी त्या कमानीखालून जायची असते, त्यामुळे ही जागा कामाची. बॉबीन मात्र वेगळं लागतं आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही. 201 हे सिंगरच्या घरगुती मशीनमधलं फार गुळगुळीत चालणारं मशीन. नीट अवस्थेत मिळालं तर सोडू नका.

27, 28, 127, 128 या मालिकेत लांबट कांडीसारखं बॉबीन आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल, म्हणजे खालचा दोरा वरच्यात गुंफणारा भाग, असतो. ते शटल झोके घेत मागं-पुढं जाताना बघत बसावंसं वाटतं. शटल जागेवर असेल तरच घ्या. नसेल तर ते शोधण्यात गोधडीचा हंगाम निघून जाईल.

त्याहून जुन्या, विशेषतः 12 क्लासच्या मशीनला आजची घरगुती सुई बसत नाही. ती नुसती बघायची.

परदेशातल्या क्विल्टवाल्यांचं लाडकं मशीन म्हणजे सिंगर 221, फेदरवेट. 1933 मध्ये बाजारात आलं, अॅल्युमिनियमचं, वजन जेमतेम पाच किलो. आपल्याकडे क्वचित दिसतं आणि दिसलं की मालकाला त्याचा भाव आधीच माहीत असतो. अमेरिकेतून आलेलं असेल तर मोटर 110 व्होल्टची असते. आपल्या प्लगमध्ये थेट लावलंत तर मोटर जळते.

शिंपीकामाचं मोठं मशीन, ज्याला दुकानात अंब्रेला म्हणतात, ते जाड थरांना दमदार असतं पण त्याचा वेग नवशिक्याला आवरत नाही. हात बसल्यावर घ्या.

आमच्या मशीनवर नंबर आहे. त्यावरून साल कळतं का?

सिंगर असेल तर बऱ्यापैकी कळतं. पाटाच्या उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी नंबर ठोकलेला असतो. आपल्याकडे आलेली बरीच सिंगर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक इथल्या कारखान्यातली. 15K, 66K मधला K त्या कारखान्याचा. तिथल्या नंबरांपैकी F नं सुरू होणारे साधारण 1910 च्या दशकातले, Y चे 1920 च्या दशकापासून 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे आणि E नं सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर 1935 नंतरचे. हा कारखाना 1980 मध्ये बंद झाला.

खांबावरच्या पितळी बिल्ल्याला निळी कड आणि त्यावर 1851–1951 अशी सालं दिसली तर ते सिंगरच्या शताब्दीच्या सुमाराचं मशीन. विकणारा "शंभर वर्षांपूर्वीचं" म्हणून सांगतो ते याच बिल्ल्याच्या जोरावर. बिल्ला सुंदर आहे, टाका इतरांसारखाच आहे. इतर कंपन्यांच्या नंबरांवरून साल काढायच्या भानगडीत पडू नका.

जुनं सिंगर लाखोंना जातं म्हणे, त्यात लाल पारा असतो. खरं का?

नाही. 2009 मध्ये सौदी अरेबियात ही अफवा उठली होती. जुन्या सिंगरच्या सुईत लाल पारा असतो आणि मोबाइल जवळ नेला की सिग्नल जातो, तोच पुरावा, असं सांगत लोकांनी भाव अवाच्या सवा चढवले. त्या मशीनमध्ये असतं लोखंड, पोलाद, थोडं पितळ आणि आजीच्या हातची धूळ. "लाखांत घेतो, आधी नोंदणीचे पैसे पाठवा" असा फोन आला तर कापून टाका.

नाशकात शोधायचं कुठं?

आधी स्वतःच्या नात्यात. आत्या, मावशी, सिन्नर-निफाडची काकू, कुणाच्या तरी माजघरात एक मशीन टीव्हीखाली टेबल म्हणून उभं असतंच. घरातलं मशीन घेण्यात मोठा फायदा असा की ते शेवटचं कधी चाललं आणि का बंद पडलं हे सांगणारं माणूस समोर असतं.

मग शिंपी. जुने शिंपी धंदा बंद करताना मशीन विकतात आणि त्यांनी ते रोज तेल देऊन वापरलेलं असतं. रंग उडालेला, पाट झिजलेला, पण आतून चोख. मेन रोड, रविवार कारंजा, भद्रकालीच्या बाजूला शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांकडे सांगून ठेवा. त्यांच्याकडे बदलीत आलेली मशीनं मागच्या खोलीत पडलेली असतात, दर्शनी कधीच नसतात.

गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात, भंगारवाल्याकडेही कधी मिळून जातं, पण तिथं बहुतेक वेळा डोकं एकाचं, स्टँड दुसऱ्याचं. देवळाली कॅम्पातली जुनी घरं रिकामी होतात तेव्हाही कान उघडे ठेवावेत. ऑनलाइन जाहिरातीत मात्र फोटो बघून पैसे पाठवू नका. मशीनचा फोटो काढता येतो, आवाजाचा नाही.

बघायला जाताना काय न्यावं आणि काय तपासावं?

एका पिशवीत एवढं टाका: 16 नंबरची नवी सुई, लाल आणि पांढरा दोरा, छोटा पेचकस, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, टॉर्च, आणि सुती साडीचा हातभर तुकडा. सिंथेटिक नको, त्यावर बिघाड लपतात.

मशीनजवळ गेल्यावर लगेच दोरा ओवू नका. आधी चाक हातानं स्वतःकडे फिरवा. पूर्ण फेरा एकसारख्या जोरात व्हायला हवा. सगळीकडे जड असेल तर तेल सुकलंय, ते सुटतं. एकाच जागी अडकून पुढं सरकत असेल तर शटलमध्ये दोरा अडकला असेल किंवा आतला एखादा भाग वाकला असेल. पहिलं पाच मिनिटांचं काम, दुसरं खर्चाचं.

मग सुईची दांडी बोटांत धरून हलवा. खाली-वर खेळ जाणवला किंवा ती खडखडली तर मशीन खूप झिजलंय. खालची पट्टी सरकवून टॉर्च मारा. सुईच्या भोकाभोवती ओरखडे, खड्डे आहेत का? तिथं सुया मोडल्याच्या खुणा असतात आणि त्या खरखरीत कडेला दोरा घासून तुटतो. पत्रा बदलता येतो. कापड पुढं ढकलणारे दात बोटानं चाचपा. ते टोचले पाहिजेत. गुळगुळीत झाले असतील तर जाड गोधडी जागच्या जागी राहील आणि टाक्यावर टाका पडेल.

बॉबीन केस बाहेर काढा. ती मशीनबरोबर आहे का, हेच लोक बघायला विसरतात. बॉबीन भरून केसमध्ये घाला, दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लटकवा. आपोआप सरसर खाली गेली तर ताण कमी आहे, झटका दिल्यावरही जागची हलली नाही तर जास्त. हलक्या झटक्यानं जराशी उतरून थांबली की बरोबर. केसच्या अंगावरचा बारीक स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवून हे जुळवता येतं.

आता खरी परीक्षा. वर लाल, खाली पांढरा दोरा घ्या. सुतीचा तुकडा दोन पदरी करून वीतभर शिवा, मग चार पदरी, मग सहा. तुकडा उलटा करा. वरच्या अंगाला फक्त लाल आणि खालच्या अंगाला फक्त पांढरं दिसलं, दोन्हीची गाठ कापडाच्या पोटात दडली, तर मशीन घ्यायला हरकत नाही. खालून लाल ठिपके दिसले तर घाबरू नका, वरचा ताण थोडा वाढवून पुन्हा शिवा. ताण कसाही फिरवला तरी फरक पडत नसेल तेव्हा भाव करायला बसा किंवा नमस्कार करून निघा.

पायमशीन असेल तर स्टँडही बघा. पायडल दाबून सोडल्यावर जोडदांडा किती डुगडुगतो, लाकडी पाटाच्या खालच्या अंगाला वाळवी आहे का. चामड्याचा पट्टा तुटलेला असला तरी चालेल, नवा मिळतो.

रंग एकदम नवा आणि नक्षी चकचकीत आहे. चांगलं ना?

शंका घ्या. जुन्या मशीनला काळा रंग फासून सोनेरी नक्षीचे नवे कागद चिकटवून विकतात. पाट मागं कलता करून खालची बाजू बघा. वरून आरसा आणि खालून गंज असेल तर रंगानं काय झाकलंय ते ओळखा. नंबरावरच रंगाचा थर चढलेला असेल तरी तेच.

पुराच्या पाण्यात राहिलेलं मशीन घ्यावं का?

हा प्रश्न फक्त नाशिकमध्येच एवढ्या वेळा विचारला जात असावा. 2008, 2016, 2019 अशा मोठ्या पुरांत सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बाजूला पाणी शिरलं, गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि तळमजल्यावरची कैक मशीनं गढूळ पाण्यात उभी राहिली.

ओतीव लोखंड पाण्यानं मरत नाही, गाळानं मरतं. पाणी ओसरल्यावर लगेच उघडून, पुसून, तेल दिलं असेल तर असं मशीन आजही चालत असतं. तसंच कोपऱ्यात ठेवलं असेल तर बारीक गाळ दांड्यांच्या सांध्यांत बसतो आणि फिरवताना कानशीसारखा घासत राहतो. ओळखायचं असं: पाटाखाली तेलाच्या भोकांभोवती पिवळट मातीचा थर, आणि चाक फिरवताना करकर. गंज वरवरचा तांबूस असेल तर तेल आणि बारीक स्टील वूलनं जातो. खड्डे पडले असतील आणि ते सुईच्या दांडीवर किंवा शटलच्या टोकावर असतील तर नको.

लाकडी पाट फुगलेला असेल तर त्याचा विचार करू नका, सुतार नवा करून देतो.

किंमत किती योग्य?

एक साधं माप ठेवा. मेन रोडवरच्या दुकानात सरळ टाक्याच्या नव्या काळ्या मशीनची, स्टँडसकट, आजची किंमत विचारून घ्या. चालू अवस्थेतलं साधं जुनं मशीन त्याहून बऱ्यापैकी स्वस्त पडलं पाहिजे. 201 सारख्या मशीनला किंवा नक्षी शाबूत असलेल्या जुन्या 66 ला हौशी माणूस जास्त देतो, तो भाव आवडीचा, तिथं माप चालत नाही. बंद मशीनला भंगाराच्या वजनापेक्षा थोडं वर, त्यापुढं नाही. "अँटिक आहे" या शब्दाला वेगळे पैसे द्यायचे नसतात.

मशीन पूर्ण जाम आहे, चाक हलतच नाही. फुकट मिळतंय. घेऊ?

सगळे भाग जागेवर असतील तर घ्या. जाम होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कुणीतरी खोबरेल नाहीतर शेंगदाण्याचं तेल दिलेलं असतं. काही वर्षांत ते डिंकासारखं घट्ट होतं.

आधी सुई, बॉबीन केस, पाय काढा. चाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल करून बघा: चाक एकटं फिरलं तर अडकलंय ते आत. मग प्रत्येक सांध्यावर थेंब थेंब रॉकेल किंवा गंज सोडवणारा फवारा, आणि रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी चाक हळू मागं-पुढं करायचं, जोर लावायचा नाही. पुन्हा थेंब, पुन्हा मागं-पुढं. हेअर ड्रायरनं लोखंड कोमट केलं तर सुकलेलं तेल लवकर सुटतं. हातोडी अजिबात नाही. ओतीव लोखंड वाकत नाही, तडकतं.

सुटल्यावर रॉकेल आत ठेवू नका. ते मळ काढतं, वंगण देत नाही. पुसून घेऊन लगेच मशीनचं तेल द्या.

तेल कुठलं?

शिलाई मशीनचं, पांढरं, पाण्यासारखं. दुसरं कुठलंही नाही, देवाच्या समईतलं तर नाहीच.

सोनेरी नक्षी कशी साफ करावी? सॅनिटायझरनं पुसलं तर?

पुसू नका, म्हणून हा प्रश्न वेगळा घेतला. या नक्षीवर लाखेच्या पारदर्शक वार्निशचा थर असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर, थिनर, काच पुसायचा द्रव यातलं काहीही लागलं की आधी चिकट पांढरट डाग पडतो आणि पुढच्या हाताला सोनं कापडावर येतं. मशीनचंच तेल मऊ कापसावर घेऊन हलक्या हातानं पुसा. शंभर वर्षांचा काळा मळ तेवढ्यानं निघतो, फक्त वेळ लागतो.

त्यावरूनच आठवलं, खंडेनवमीला मशीनची पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू पाटावर किंवा स्टँडवर लावा. वर तेलाच्या भोकांजवळ लावलेलं कुंकू तेलात मिसळून आत उतरतं, आणि दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या चकत्यांत गेलं तर दोरा गुलाबी होऊन येतो. झेंडूच्या माळेचा दोरा चाकात गुंततो तो वेगळाच.

हाताचं बरं की पायाचं? मोटर बसवू का?

तुकडे जोडण्यासाठी हाताचं मशीन सुंदर. एकेक टाका मोजून घालता येतो, लहान मुलंही यावरच शिकतात. जमिनीवर बसून, मशीन पाटावर ठेवून शिवलं तर गोधडीचा भार जमिनीवर राहतो आणि सुईला ओढ बसत नाही. मात्र एक हात दांड्याला अडकतो. मोठी गोधडी एका हातानं सरकवणं कठीण, घरातलं कुणी दांडा फिरवायला बसलं तरच जमतं.

सगळे थर एकत्र शिवायचे तर पायाचं. दोन्ही हात कापडावर राहतात आणि वेग पायात असतो. लय जमायला आठवडाभर रिकामं चालवा, दोरा न घालता.

मोटर बसवता येते, पण आधी पायानं चालवून बघा. बसवायचीच असेल तर नवी घ्या. जुन्या मोटरच्या वायरवरचं रबर हात लावताच भुगा होऊन पडतं आणि ओतीव लोखंडाच्या अंगाला ती वायर टेकली तर झटका तुम्हाला बसतो.

सुई आणि दोरा कोणता?

तुकडे जोडायला 14, सुती गोधडीला 16, जीन्सचे तुकडे किंवा जाड थर असतील तर 18. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्या बाजूनं ओवायचा. जुन्या मशीनवर "टाकाच पडत नाही" अशा तक्रारींमध्ये सुई उलटी बसवलेली असणं हे पहिलं कारण.

दोरा नवा, ओढून न तुटणारा. आजीच्या डब्यातली जुनी रिळं देखणी असतात पण त्यांचा दोरा कुजलेला असतो.

किती थर झेपतात? शिवताना वरचा थर सरकतो, खाली चुण्या पडतात. काय करावं?

धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांचे पाच-सहा थर चांगलं मशीन सहज घेतं. जड जातात ते काठ. जरीच्या काठावर सुई मोडते, म्हणून काठ उसवून बाजूला ठेवा आणि शेवटी गोधडीला कड म्हणून लावा. तुकड्यांचे जोड एकावर एक आले की तिथं गाठ होते. ते जोड उलट्या दिशांना दाबून इस्त्री करा.

थर सरकण्याचं कारण यांत्रिक आहे. दात फक्त खालच्या कापडाला ढकलतात, वरचं कापड पायाखाली घासत मागं राहतं. हातानं गोधडी शिवणाऱ्या बायका आधी जमिनीवर थर पसरून, कोपऱ्यांना वजन ठेवून, लांब कच्चे टाके घालतात ना, तेच इथंही करायचं, जरा जास्तच दाट. चार बोटांच्या अंतरावर कच्चा टाका. मग पायाच्या दांडीवरचा, अगदी वरचा स्क्रू थोडा सैल करा, म्हणजे पायाचा दाब कमी होतो. टाका लांब ठेवा, इंचाला आठ-दहा. काही जुन्या मशीनवर टाक्याचा आकडा म्हणजे इंचात किती टाके, त्यामुळे आकडा लहान तेवढा टाका मोठा, हे लक्षात असू द्या.

हाताची गोधडी कडेनं आत गोल गोल शिवत जातात. मशीनवर तसं केलं तर मधे कापड फुगतं. मधून सुरू करून कडेकडे जा, आणि समांतर रेषा एकाआड एक उलट दिशेनं शिवा.

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतंय. बॉबीन बिघडलंय का?

बहुतेक नाही. जाळं खाली दिसतं पण चूक वरची असते: दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. पाय वर उचलून पुन्हा ओवा, कारण पाय खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात. तरीही जाळं झालं तर शटल काढून बघा. 15 च्या घडणीत शटलच्या दोन बाजूंना छोट्या खिट्ट्या असतात, त्या बाहेर वळवल्या की कडं सुटतं आणि मागून चंद्रकोरीसारखं शटल हातात येतं. जुन्या लुगड्यांचं तूस तिथं नमद्यासारखं साचतं. ब्रशनं काढा, एक थेंब तेल, परत बसवा.

शिलाई मशीनचा शोध सिंगरनंच लावला ना?

नाही. दोन दोऱ्यांच्या गाठटाक्याचं अमेरिकन पेटंट 1846 मध्ये एलियास हाऊ यांना मिळालं. आयझॅक सिंगर यांचं पेटंट 1851 चं. सिंगर यांची कमाल मशीन चालवण्याजोगं करण्यात आणि त्याहून जास्त ते हप्त्यानं विकण्यात होती.

गांधीजींनी 1924 मध्ये यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिलाई मशीनला सन्मानानं वगळलं होतं आणि सिंगर यांनी ते बायकोचे कष्ट बघून, प्रेमापोटी बनवलं, असं सांगितलं होतं. कथा गोड आहे. प्रत्यक्षात सिंगर यांचे एकाच वेळी अनेक संसार होते आणि मुलं चोवीस. मशीन मात्र बायकांच्या खरोखर उपयोगी पडलं, त्यामुळे गांधीजींचा निष्कर्ष मला मान्य आहे.

मशीनवर शिवलेली गोधडी खरी गोधडी म्हणायची का?

माझ्या मते हो, पण ती वेगळी होते. हाताच्या धावदोऱ्यानं कापडाला बारीक सुरकुती येते आणि धुतल्यावर गोधडी आणखी मऊ पडते. मशीनचा टाका घट्ट, त्यामुळे गोधडी चपटी आणि थोडी ताठ राहते, टिकते मात्र जास्त. मला विचाराल तर तुकडे मशीनवर जोडावेत, थर हातानं शिवावेत. रोज धुतली जाणारी, पोरांच्या अंथरुणातली गोधडी असेल तर सगळी मशीनवर.

मशीन घरी आणायचं कसं?

डोकं आणि स्टँड वेगळं करून. डोकं मागच्या दोन बिजागऱ्यांवर बसलेलं असतं, पाटाखालचे दोन स्क्रू सैल केले की सुटतं. वजन बारा-तेरा किलो भरतं. चाकाला धरून उचलू नका, कमानीखाली हात घाला. रिक्षा करा, स्कूटरवर पायाशी ठेवू नका.

खणात वेगवेगळे लोखंडी पाय आणि पट्ट्या सापडल्या. कामाच्या आहेत का?

फेकू तर नकाच. जुन्या सिंगरबरोबर एक डबी यायची: चुण्या घालणारा, दुमड घालणारा, गोट लावणारा असे पाय त्यात असायचे. त्यातला एक आखूड पाय असतो, त्याला बाजूला वाकवलेली बारीक दांडी जोडलेली. तो खास क्विल्टसाठीचा. दांडीचं टोक आधीच्या शिवणीवर ठेवून शिवत गेलं की पुढची ओळ तेवढ्याच अंतरावर पडते, खडूनं रेघा मारायची गरज राहत नाही. दांडी आत-बाहेर सरकवून अंतर हवं तेवढं ठेवता येतं.

पाटावर सुईच्या उजवीकडे आटे पाडलेली दोन भोकंही दिसतील. तिथं स्क्रूनं बसणारी पट्टी असते, ती पाव इंचावर लावली की तुकडे एकसारखे जोडले जातात. ती हरवली असेल तर जाड चिकटपट्टीचे चार थर त्याच जागी लावा, काम तेच होतं.